नाजूक अक्षर आणि वाचणाऱ्याचे डोळे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणपत्रिका आमच्या हाती आली, तेव्हा तीत काय लिहिले आहे ते वाचण्याआधी ते कसे लिहिले आहे हेच आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. शिक्षकाला ही एक खोड लागलेली असते. पत्रिकेच्या माथ्यावर ‘सस्नेह निमंत्रण’ हे दोन शब्द हाताने लिहिल्यासारख्या नाजूक वळणाच्या टाइपात आहेत, आणि त्याखालची तिथी, वेळ, स्थळ व पत्ता हा सारा मजकूर साध्या, ठसठशीत बाळबोध टाइपात आहे. ज्या कोणी ही पत्रिका जुळवली असेल त्याचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. आज जे काही आम्हांला सांगावयाचे आहे, ते त्याने आधीच एका कागदावर करून दाखविले आहे.

विश्वस्तांनी आम्हांला ‘अक्षर’ ह्या विषयावर बोलण्यास सांगितले. विषय समुद्रासारखा आहे. त्यातली एक ओंजळ आम्ही उचलली आहे. हाताच्या लिखाणाचे रूप घेऊन येणारा जो नाजूक टाइप, ज्याला आजची मुले ‘स्क्रिप्ट फॉन्ट’ म्हणतात, त्याची शैली कशी असते, तो आला कोठून, आणि तो कोठे वापरावा व कोठे वापरू नये, एवढ्यापुरतेच आज बोलू. आम्ही काही छपाईच्या धंद्यातले नव्हे. पंचवीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या, तेवढाच आमचा अधिकार. शिवाय ह्या टाइपापायी आमच्या हातून एक चूक घडली आहे. तीही आज आपल्यापुढे कबूल करणार आहोत.

प्रथम ह्या अक्षराची ओळख करून घेऊ. साध्या छापील टाइपात प्रत्येक अक्षर आपल्या जागी सुटे उभे असते. हस्ताक्षरी टाइपात अक्षरे एकमेकांचा हात धरून चालतात. ती एका अंगाला कललेली असतात, कारण लिहिणारा हात कागदावर तिरका पडतो. रेघ कोठे जाड तर कोठे केसासारखी बारीक असते, कारण टाक खाली ओढताना दाब पडतो आणि वर नेताना तो सैल होतो. इंग्रजीत असाल तर शब्दाच्या आरंभीचे मोठे अक्षर गिरकी घेऊन येते. कलणे, जोडणे, जाडबारीक रेघ आणि गिरकी ही ह्या शैलीची चार अंगे होत. चारही अंगे हाताच्या हालचालीतून आलेली आहेत, आणि धातूच्या खिळ्याला किंवा यंत्राला ह्या हालचालीचे फक्त सोंग घेता येते. सोंग चांगले वठले म्हणजे डोळा सुखावतो, आणि बिघडले की लगेच कळते.

हे सोंग घेण्याचा खटाटोप छपाईइतकाच जुना आहे. व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस नावाचे विद्वान मुद्रक होते. त्यांच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो ह्या कारागिराने तेथील कारकुनी हस्ताक्षरावरून तिरका टाइप कोरला, आणि १५०१ साली त्यात व्हर्जिलच्या काव्याचे लहान आकाराचे पुस्तक निघाले. आज ज्याला आपण ‘इटॅलिक’ म्हणतो तो हाच वंश. पुढे १५५७ साली फ्रान्सातील लियाँ येथे रोबेर ग्रांझाँ ह्यांनी आपल्या देशातील चालू हस्ताक्षर जसेच्या तसे टाइपात उतरविले. लहान मुलांना शिष्टाचार शिकविणारी पुस्तके त्या टाइपात छापली गेली, म्हणून त्या टाइपाचे नावच ‘सिव्हिलिते’, म्हणजे शिष्टाचार, असे पडले. शाळामास्तराला ही गोष्ट गोड वाटावी यात नवल नाही. मुलांनी एकाच पुस्तकातून वळणही शिकावे आणि वागणूकही, असा त्यामागचा हेतू दिसतो.

आज लग्नपत्रिकांवर आणि प्रशस्तिपत्रांवर जे इंग्रजी नाजूक अक्षर आपण पाहतो, त्याचे मूळ मात्र सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडात आहे. ‘राउंड हँड’ म्हणून जे वळण तेथे प्रसिद्ध झाले, ते लेखनगुरू आपल्या कित्त्यांत तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापीत. म्हणून त्याला ‘कॉपरप्लेट’ असेही नाव आहे. चार्ल्स स्नेल हे त्यांपैकी एक लेखनगुरू. जन्म १६६७, मृत्यू १७३३. प्रत्येक अक्षराला ठरावीक प्रमाण व नियम असावेत असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर ह्या टाइपकाराने १९६६ साली ‘स्नेल राउंडहँड’ हा टाइप तयार केला, आणि तो आजही संगणकात वापरला जातो.

एका लेखनगुरूचे अक्षर टाइपात यावयाला अडीचशे वर्षे का लागावी? कारण खिळा चौकोनी असतो. तिरके अक्षर चौकोनी खिळ्यावर बसवले की त्याची शेपटी खिळ्याबाहेर लोंबते, आणि दाबाखाली ती मोडते. दोन खिळे शेजारी ठेवले तरी मधली केसासारखी रेघ नीट जुळत नाही. तेथे बारीकशी फट राहते, आणि त्या फटीने सोंग उघडे पडते. पॅरिसच्या फर्मँ दिदो ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खिळ्यांनाच तिरका आकार देऊन ही अडचण काही अंशी सोडविली. पुढे खिळ्यांऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर अक्षरे जुळविण्याचे यंत्र आले, तेव्हा एक अक्षर दुसऱ्याच्या हद्दीत सहज शिरू लागले. कार्टर ह्यांचा टाइप त्याच यंत्रासाठी होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या राउंड हँडला आपण आज शोभेचे अक्षर समजतो, ते त्याच्या काळी कामाचे अक्षर होते. व्यापारी पेढीवरचे कारकून त्याच वळणात खतावण्या लिहीत आणि पत्रे पाठवीत. भरभर लिहिता यावे, हात वारंवार उचलावा लागू नये, आणि तरी दुसऱ्या पेढीवरच्या कारकुनाला ते वाचता यावे, एवढ्यासाठी ते वळण होते. काल जे राबत होते ते आज नटून बसले आहे.

आता परक्या देशातून आपल्या घरी येऊ. आमचे घराणे मूळचे मराठवाड्यातले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात राहिले. आमच्यातले काही लोक तिकडे राहिले, काही नोकरीसाठी ह्या शहरात आले. घरात दखनी, शेजारात तेलुगू आणि शाळेत मराठी अशा तीन सुरांत आम्ही वाढलो. आमचे आजोबा निजामी अमदानीत गावच्या दप्तराचे काम करीत. त्यांच्या कलमदानात दोन कलमे असत, आणि दोहोंचे काप वेगळे. एकाने ते उर्दू लिहीत, उजवीकडून डावीकडे. दुसऱ्याने मोडी लिहीत, डावीकडून उजवीकडे. नातवंडांनी एकाला हात लावलेला चाले, दुसऱ्याला नाही. पण कोणते कोणते हे ते दर वेळी बदलून सांगत, त्यामुळे आम्ही दोन्हींपासून दूरच राहत असू.

मोडी हे आपले स्वतःचे जोडाक्षरी, धावते वळण. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ मारून घेई आणि मग तिच्याखाली बोरू फारसा न उचलता अक्षरे लोंबवीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ ठेवला नाही. वेळ वाचावा हा हेतू. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत आणि पुढे इंग्रजी अमलातही राज्यकारभाराचे कागद ह्याच अक्षरात झाले. चांगल्या चिटणिशी मोडीचा कागद आपण उन्हात धरून पाहावा. त्याची डौलदार गोलाई कोणत्याही परदेशी कित्त्याला हार जाणार नाही. पण तेही मूळचे कचेरीचेच अक्षर, राउंड हँडसारखेच.

मोडीचाही खिळा झाला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. श्रीरामपूरच्या मिशनरी विल्यम केरी ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली निघाला, आणि त्यात मराठी शब्द मोडी टाइपात छापले होते. परंतु छापखान्यात अखेर बाजी मारली ती बाळबोध देवनागरीने. मोडीचे सौष्ठव जोडण्यात आणि धावण्यात. खिळ्याला धावता येत नाही. शिवाय छापील पुस्तक अनोळखी वाचकासाठी असते, आणि अनोळखी वाचकाला सुटे, स्पष्ट अक्षर बरे पडते. सुमारे १९५० पर्यंत शाळांतून मोडी शिकवीत. नंतर ती बंद झाली आणि एका पिढीत असे झाले की आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला चित्रासारखा दिसू लागला. आमच्या घरात तशी दोन बाडे आहेत. आम्ही पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक. पण ती बाडे आम्हांला वाचता येत नाहीत. पाटावरची जमीन की विहिरीचा वाटा, काय लिहिले आहे ते विचारावयास दुसऱ्याकडे जावे लागते. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरकोष्टकात, जागा मिळाली आणि आज मोडीचे फॉन्टही मिळतात. आनंदाची गोष्ट आहे. पण फॉन्ट आला म्हणून वाचणारा आला असे होत नाही. तो शाळेतच घडवावा लागतो.

आजोबांच्या दुसऱ्या कलमाचे अक्षर म्हणजे नस्तालीक. फारसी व उर्दूचे हे वळण वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या बाजूला उतरत येते, जणू शब्द पायऱ्या उतरत आहेत. कलमाच्या टोकाने पडणारा चौकोनी ठिपका हे त्याचे माप. अलिफ ह्या ठिपक्यांनी तीन ठिपके उंच असावा असा नियम. एवढे काटेकोर मापन असूनही पाहणाऱ्याला ते वाऱ्यावर लहरल्यासारखे वाटते. फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कलकत्त्यात नस्तालीकचे खिळे पाडून पुस्तके छापली गेली. परंतु उर्दू वाचकाने खिळ्याचे ते रूप मनापासून स्वीकारले नाही. शब्दागणिक अक्षराचा आकार बदलतो, उंची बदलते. किती खिळे पाडणार? सेनेफेल्डर ह्यांनी शोधून काढलेली शिळाछपाई आली तेव्हा उर्दूने तिला कवटाळले. कातिब हाताने लिहील आणि दगड ते जसेच्या तसे छापील, अशी सोय झाली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दू दैनिके रोज हाताने लिहून निघत. रोजचे अख्खे वर्तमानपत्र हाताने लिहिणे म्हणजे काय कष्ट, ते कातिबाच्या पाठीलाच ठाऊक.

१९८१ साली मिर्झा अहमद जमील ह्या पाकिस्तानी खुशनविसाने मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने ह्यावर तोड काढली. त्यांनी सुटी अक्षरे न घेता अक्षरांचे जुळलेले पुंजके, १८ हजारांहून अधिक, स्वतःच्या हाताने लिहिले आणि ते यंत्रात भरले. आपल्या वडिलांच्या नावावरून त्यांनी ह्या टाइपाला ‘नूरी नस्तालीक’ असे नाव दिले. लाहोरचे ‘जंग’ हे दैनिक त्यात निघू लागले, आणि काही वर्षांत उर्दू छपाईचे रूपच पालटले. एका हाताची आयुष्यभराची मेहनत यंत्रात गेली आणि शेकडो हातांचे काम गेले, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. आपल्या शहरातल्या छत्ता बझारात आजही लग्नपत्रिकांची दुकाने ओळीने आहेत. तेथे संगणकावर नाजूक अक्षर निवडणाऱ्या ग्राहकाने एकदा त्या बोटांची आठवण काढावी, एवढेच आमचे म्हणणे.

देवनागरीत नाजूक हस्ताक्षरी टाइप करणे ह्या दोहोंहून निराळे अवघड आहे. आपल्या अक्षरांना डोक्यावर शिरोरेघ असते. ती सर्वांना एका दांडीवर टांगून ठेवते. हाताने लिहिताना ही रेघ थोडी वरखाली होते, मध्येच तुटते, आणि त्यातच हाताचा जिवंतपणा असतो. टाइपात ती सरळ केली तर अक्षर पुन्हा छापील दिसते आणि वाकडी केली तर दोन अक्षरांमध्ये सांधा दिसतो. शिवाय मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे ह्यांना वर-खाली जागा लागते. ह्या अडचणींतूनही आपल्या कारागिरांनी वाट काढली आहे. ‘कलम’ नावाचा एक हस्ताक्षरी फॉन्ट इंडियन टाइप फाउंड्री ह्या संस्थेने काढला असून त्यातली देवनागरी लिपी रावल ह्यांनी रेखाटली आहे. तो कोणालाही विनामूल्य मिळतो. आपल्या शाळेच्या फलकांवर आम्ही तोच वापरतो. तो मोकळा व सुवाच्य आहे, नटवा नाही.

आता उपयोगाकडे वळू. नाजूक अक्षर म्हणजे हळू आवाजात बोललेला शब्द. जेथे आवाज हळू शोभतो तेथेच ते शोभते. लग्नपत्रिकेवरची वधूवरांची नावे, ‘आपले विनम्र’ ही ओळ, पुस्तकाची अर्पणपत्रिका, मानपत्राचा मथळा, अत्तराच्या किंवा मिठाईच्या डब्यावरचे नाव, भेटकार्डावरच्या दोन ओळी, ह्या त्याच्या हक्काच्या जागा. ह्या जागी वाचकाला घाई नसते आणि मजकूर त्याला बहुधा आधीच ठाऊक असतो. तेथे अक्षराने थोडे नटावे.

जेथे वाचकाला काही नवे, नेमके आणि उपयोगाचे कळवावयाचे आहे, तेथे मात्र ह्या अक्षराला दूर ठेवावे. पत्ता, वेळ, दूरध्वनीचा क्रमांक, रकमेचा आकडा, औषधाचे नाव, नियम, सूचना आणि लांब परिच्छेद हे साध्या अक्षरातच हवेत. आणखी चार व्यावहारिक गोष्टी छापखान्यात जाताना लक्षात ठेवाव्या. हे अक्षर लहान आकारात वापरू नये. केसासारखी रेघ छपाईत आणि पुढे झेरॉक्समध्ये नाहीशी होते. गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत छापू नये. शाई पसरून बारीक रेघ बुजते. अक्षरांमध्ये जागा वाढवून ताणू नये; हात सुटतात आणि शब्द विखुरतो. आणि इंग्रजीत सगळी मोठी अक्षरे ह्या वळणात लिहू नयेत. मोठ्या अक्षरांच्या गिरक्या एकट्या येण्यासाठी केलेल्या असतात. रांगेत उभ्या केल्या तर कोणते अक्षर कोणते तेच कळत नाही.

हे सारे नियम आम्हांला पुस्तकातून कळले नाहीत. आता त्या चुकीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत गुणवंत विद्यार्थ्यांना प्रशस्तिपत्रे द्यावयाची ठरली आणि त्यांची मांडणी आमच्याकडे आली. आम्ही हौसेने एक अतिशय नाजूक इंग्रजी वळण निवडले. मथळा त्यात, मजकूर त्यात आणि मुलांची नावेही त्यातच. नावाखाली ठिपक्यांची ओळ. कागद जाड, कडा सोनेरी. समारंभात सर्वांनी वाहवा केली आणि आम्ही ती खुशीने घेतली.

त्या वर्षीच्या मुलींत एका रिक्षाचालकाची मुलगी होती. तिच्या नावाचे पहिले इंग्रजी अक्षर ‘आय’. त्या वळणातला मोठा ‘आय’ आणि मोठा ‘जे’ ह्यांत फरक एवढाच की ‘आय’ ओळीवर थांबतो आणि ‘जे’ ओळीखाली उतरतो. नावाखालच्या ठिपक्यांनी तो फरकही गिळला. तिने एका संस्थेकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आणि सोबत आमच्या प्रशस्तिपत्राची झेरॉक्स जोडली. तेथल्या तरुण कारकुनाने नाव प्रशस्तिपत्रावरून उतरवून घेतले आणि ‘आय’चा ‘जे’ केला. त्याचा दोष तरी कसा म्हणावा? आमच्या पिढीने इंग्रजी धावते वळण चौरेघी वहीत गिरवले होते. त्याला ते कोणी शिकविलेच नव्हते. तो छापील अक्षरावर वाढलेला. शिष्यवृत्ती मंजूर झाली, धनादेश आला, आणि बँकेने तो परत केला, कारण खात्यावरचे नाव वेगळे होते.

मग सुरू झाली धावाधाव. अर्ज, ओळखपत्राच्या प्रती, प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. नवा धनादेश यावयास अडीच महिने लागले, आणि त्याच्या आतच कॉलेजची फी भरण्याची तारीख निघून गेली. मुलीच्या वडिलांनी फी उसनवारी करून भरली आणि कचेऱ्यांत घालविलेल्या दिवसांचा रिक्षाचा धंदाही बुडाला. आम्हांला हे सारे कळले ते उशिरा. ते गृहस्थ शाळेत आले, प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “सर, कागद लई देखणा हाय. पर पोरीचं नाव त्यात हरपलं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते आम्हांला जास्त लागले. आम्ही त्याच दिवशी साध्या अक्षरात नवे पत्र करून दिले आणि आमच्या चुकीचा दाखलाही लिहून दिला. मुलगी पुढे शिकली, आज नोकरी करते. पण त्या उसनवारीचे दिवस काही कोणी परत देऊ शकत नाही.

त्या रात्री आम्हांला शाळेत वाचलेला दासबोध आठवला. समर्थांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहिण्याच्या क्रियेलाच दिला आहे. अक्षर सारखे असावे, ओळी सरळ असाव्या, कडेला जागा मोकळी सोडावी, इतका बारीक विचार त्यात आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, हाही सल्ला त्यात आहे. एवढे मोठे पुरुष लिहिताना वाचणाऱ्याच्या म्हातारपणाची काळजी करतात आणि आम्ही बी. एड. झालेले मास्तर एका मुलीच्या नावाची काळजी करू शकलो नाही! आमच्या घरी खुशखताचे धडे देणारे आजोबाही हेच सांगत असत. कलम चालविताना समोर वाचणारा बसला आहे असे समजावे, असे त्यांचे म्हणणे असे.

अक्षराचे सौंदर्य कागदावर असते, पण त्याची सुवाच्यता वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असते, आणि ते डोळे जसे शिकलेले असतील तसेच वाचतात. मोडी आमच्या आजोबांना स्वच्छ वाचता येई, आम्हांला येत नाही. अक्षर तेच आहे, डोळे बदलले. इंग्रजी धावते वळण आमच्या पिढीला सहज वाचता येते, आमच्या विद्यार्थ्यांना अडखळत येते. तेव्हा लिहिणाऱ्याने, छापणाऱ्याने आणि छापून घेणाऱ्याने प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा कागद कोणाच्या हातात जाणार आहे, आणि त्याला हे अक्षर कोणी शिकविले आहे काय?

आता विश्वस्त मंडळींपुढे दोन विनंत्या करतो. आपला ट्रस्ट दरवर्षी शिष्यवृत्त्या देतो, प्रशस्तिपत्रे देतो. ती सुंदर असावीत. मथळा आणि आशीर्वादाची ओळ खुशाल नाजूक अक्षरात असावी. पण विद्यार्थ्याचे नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही वेळा साध्या, मोठ्या, सुट्या अक्षरात छापावे आणि देण्यापूर्वी ते विद्यार्थ्याच्या आईवडिलांना दाखवून घ्यावे. आमच्या शाळेत त्या घटनेपासून हा नियम आहे. त्यात खर्च काही नाही. दोन मिनिटांचे काम आहे. गरिबाच्या घरी नाव हीच पुष्कळदा पहिली मालमत्ता असते.

दुसरी विनंती अशी की, ट्रस्टच्या हस्ताक्षर स्पर्धेत दोन विभाग करावेत. एक सुंदर अक्षराचा आणि एक सुवाच्य अक्षराचा. दुसऱ्याचे परीक्षण शिक्षकांनी करू नये. डाकवाटप करणारे, औषधाच्या दुकानातले, किंवा चष्मा लावणारे एखादे आजोबा बसवावे. त्यांना जे न अडखळता वाचता आले त्याला बक्षीस. आणि जमल्यास सुट्टीच्या दिवसांत मोडीचा एक छोटा वर्ग ह्याच वास्तूत सुरू करावा. त्या वर्गात पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. घरातली ती दोन बाडे आम्हांला मरणापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावयाची आहेत. विहिरीचा वाटा निघाला तर अर्धा ट्रस्टला!

पन्नास वर्षे ह्या संस्थेने परगावी आलेल्या मराठी माणसाला आधार दिला. जात, धर्म न पाहता आमच्यासारख्यांच्या मुलांनाही वह्या-पुस्तके दिली. त्या वह्यांतच आम्ही अक्षर घोटले आणि त्या अक्षरावरच आमचे पोट चालले. त्या ऋणाची थोडीशी फेड ह्या चार शब्दांनी झाली असे आपण मानावे. ट्रस्टचा शतकमहोत्सव होईल तेव्हा त्याची पत्रिका कोणत्या अक्षरात निघेल ते आज सांगता येत नाही. पण ‘सस्नेह निमंत्रण’ नाजूक आणि वेळ-स्थळ ठसठशीत, एवढी परंपरा चालू राहावी, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.